'अमर्याद' या शब्दाची मर्यादा : मोबाइल डेटा योजनांतील वेगकपात आणि ग्राहकन्याय

सारांश

मोबाइल कंपन्या 'अमर्याद' या नावाने डेटा योजना विकतात आणि ठरावीक वापरानंतर त्याच योजनेचा वेग कमी करतात. ही पद्धत रास्त आहे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीच्या प्रकरणाच्या आधारे केला आहे. जाळ्याची क्षमता मर्यादित असल्यामुळे वापराचे नियमन करणे हे कंपनीचे काम आहे, हे लेखात मान्य केले आहे. मात्र विक्रीच्या वेळी दिलेल्या शब्दाचा अर्थ नंतर एकतर्फी बदलणे, प्रत्यक्ष गर्दीशी संबंध नसलेली कपात करणे आणि ग्राहकाला भुर्दंडाशिवाय बाहेर पडू न देणे या तीन गोष्टींमुळे असे नियमन अन्याय्य ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे. शेवटी भारतातील परिस्थितीचा त्याच दृष्टीने आढावा घेतला आहे.

बीजसंज्ञा : अमर्याद डेटा, वेगकपात, रास्त वापर धोरण, फेडरल ट्रेड कमिशन, ट्राय, दिशाभूल करणारी जाहिरात.

प्रस्तावना

खानावळीच्या फलकावर 'पोटभर जेवण' असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जेवणाऱ्याने पाचवी पोळी मागितली म्हणून पुढील प्रत्येक पोळीसाठी त्याला अर्धा तास ताटकळत ठेवले, तर 'पोळी नाकारलेली नाही' असा बचाव मालकाला करता येईल. परंतु तो बचाव कोणी मान्य करणार नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, खानावळीचा तवा एकच असतो आणि दुपारी एक वाजता पंगतीत चाळीस माणसे बसलेली असतात, हेही खरे आहे. अशा वेळी सर्वांनाच थोडे थांबावे लागले तर त्यात कोणाची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही.

मोबाइल डेटाच्या 'अमर्याद' योजनांविषयीचा वाद याच दोन परिस्थितींमधील फरकाचा आहे. कंपनीला वापरावर बंधन घालण्याचा अधिकार असावा की नसावा, असा प्रश्न सामान्यतः मांडला जातो. तो अपुरा आहे. बंधन कोणत्या कारणासाठी, कोणत्या वेळी आणि ग्राहकाला कोणता शब्द दिल्यानंतर घातले गेले, हे पाहिल्याखेरीज त्याच्या रास्ततेचा निर्णय करता येत नाही. अमेरिकेत या प्रश्नावर नियामक संस्था आणि न्यायालये यांच्यासमोर सविस्तर युक्तिवाद झाले असल्याने तेथील उदाहरण अभ्यासाच्या दृष्टीने उपयुक्त आहे.

डेटा विकणे म्हणजे काय?

वादाचा विचार करण्यापूर्वी विक्रीच्या वस्तूचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. धान्य किंवा रॉकेल याप्रमाणे डेटाचा साठा कंपनीच्या गोदामात नसतो. प्रत्येक मोबाइल टॉवरला रेडिओ लहरींचा एक ठरावीक पट्टा, म्हणजे स्पेक्ट्रम, उपलब्ध असतो. त्या टॉवरच्या टापूतील सर्व फोन तो पट्टा वाटून घेतात. कोणत्या फोनला कोणत्या क्षणी किती वाटा द्यावयाचा, हे टॉवरवरील यंत्रणा सेकंदाच्या सूक्ष्म भागांत ठरवीत असते. टापूत थोडेच फोन चालू असतील तर प्रत्येकाला भरपूर वेग मिळतो. संध्याकाळी सर्वजण एकाच वेळी चित्रफिती पाहू लागले की प्रत्येकाचा वाटा कमी होतो.

या रचनेतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. स्पेक्ट्रमचे शुल्क, टॉवर, यंत्रसामग्री, वीज आणि टॉवरपर्यंत आलेली केबल यांवरील खर्च बहुतांशी स्थिर असतो. पहाटे तीन वाजता रिकाम्या टॉवरवरून कोणी १ जीबी डेटा उतरविला तर कंपनीचा त्यामुळे वाढणारा खर्च नगण्य असतो. तोच १ जीबी रात्री आठ वाजता, गर्दीच्या टॉवरवरून उतरविला तर शेजारच्या ग्राहकांचा वेग कमी होतो. म्हणजे जाळ्यावर पडणारा भार महिन्याच्या एकूण वापरावर अवलंबून नसून वापराच्या वेळेवर आणि ठिकाणावर अवलंबून असतो.

मुंबईच्या लोकल गाडीचा मासिक पास हे याचे परिचित उदाहरण आहे. पासधारक महिन्यातून कितीही फेऱ्या करू शकतो. सकाळी नऊच्या गाडीत त्याला उभे राहावे लागते, कारण गाडी भरलेली असते; परंतु महिन्यात साठ फेऱ्या झाल्या म्हणून रात्रीच्या रिकाम्या गाडीतही त्याला बसू दिले जात नाही, असे घडत नाही. मोबाइल कंपन्यांकडे याच दोन प्रकारची साधने असतात. पहिले साधन म्हणजे गर्दीच्या टॉवरवर, गर्दी असेपर्यंतच, अधिक वापर करणाऱ्यांचा अग्रक्रम कमी करणे. दुसरे म्हणजे ठरावीक जीबी ओलांडल्यावर बिलाचा महिना संपेपर्यंत, गर्दी असो वा नसो, वेग एका खालच्या पातळीवर आवळून ठेवणे. दोन्हींना व्यवहारात नियमन म्हटले जात असले तरी न्यायाच्या दृष्टीने ती एक नव्हेत. पुढील प्रकरणात वादाचे मूळ दुसऱ्या साधनात होते.

एटी अँड टी प्रकरणाची पार्श्वभूमी

जून २००७ मध्ये अमेरिकेत आयफोन विक्रीस आला तेव्हा तो केवळ एटी अँड टी या कंपनीच्या जाळ्यावर चालत असे. फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेरायझन या प्रतिस्पर्धी कंपनीकडे तो उपलब्ध होईपर्यंत ही मक्तेदारी टिकली. या काळात एटी अँड टीने अमर्याद डेटा योजना विकली. दोन वर्षांचा करार, सवलतीच्या दरात फोन आणि दरमहा सुमारे ३० डॉलर डेटाशुल्क असे तिचे सर्वसाधारण स्वरूप होते.

फोनचा वापर कंपनीच्या अपेक्षेपेक्षा वेगाने वाढला. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीच्या मोबाइल विभागाचे प्रमुख राल्फ द ला व्हेगा यांनी ३ टक्के स्मार्टफोन ग्राहक एकूण डेटा वाहतुकीपैकी ४० टक्के वाटा वापरतात, असे सांगितले. जून २०१० मध्ये कंपनीने नव्या ग्राहकांसाठी अमर्याद योजना बंद केली. तिच्या जागी १५ डॉलरमध्ये २०० एमबी आणि २५ डॉलरमध्ये २ जीबी अशा मोजक्या डेटाच्या योजना आल्या. जुन्या ग्राहकांना मात्र त्यांची अमर्याद योजना चालू ठेवण्याची मुभा देण्यात आली. अनेकांनी त्या भरवशावर करारांचे नूतनीकरण केले.

१ ऑक्टोबर २०११ पासून कंपनीने या जुन्या अमर्याद ग्राहकांपैकी सर्वाधिक वापर करणाऱ्या ५ टक्के लोकांचा वेग कमी करण्यास सुरुवात केली. आपण त्या ५ टक्क्यांत केव्हा जाऊ, हे ग्राहकाला आधी कळण्याचा मार्ग नव्हता, कारण ती सीमा इतरांच्या वापरावर अवलंबून होती. काही ग्राहकांचा वेग महिन्यात केवळ २ जीबी वापर झाल्यावर कमी करण्यात आला. मार्च २०१२ मध्ये कंपनीने निश्चित सीमा जाहीर केल्या : ३जी आणि तत्सम फोनसाठी ३ जीबी, तर ४जी एलटीई फोनसाठी ५ जीबी. तीस दिवसांच्या महिन्यात ३ जीबी म्हणजे दिवसाला सरासरी १०० एमबी होतात. योजनेचे नाव मात्र 'अमर्याद' असेच राहिले.

अशा प्रकारचा वाद अमेरिकेत अगदीच नवा नव्हता. २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी व्हेरायझन वायरलेसविरुद्ध तपास केला होता. 'अमर्याद' म्हणून विकलेल्या डेटा जोडण्या अतिवापराच्या कारणावरून तोडल्याबद्दल त्या कंपनीने सुमारे १३,००० ग्राहकांसाठी १० लाख डॉलरची भरपाई देण्याचे मान्य केले. एटी अँड टीने जोडणी तोडली नाही, वेग कमी केला. त्यामुळे प्रश्न अधिक सूक्ष्म झाला : सेवा चालू ठेवून ती जवळजवळ निरुपयोगी केली तर वचन पाळले असे म्हणावयाचे काय?

कंपनीची बाजू

या प्रकरणात कंपनीच्या बाजूने मांडता येणारे युक्तिवाद दुर्लक्षणीय नाहीत. पहिला युक्तिवाद असा की, स्पेक्ट्रम मर्यादित आहे आणि नवे टॉवर एका दिवसात उभे राहत नाहीत. थोड्या लोकांच्या अतिवापरामुळे बहुसंख्यांना त्रास होत असेल तर त्या थोड्यांवर बंधन घालणे हेच बहुसंख्यांच्या हिताचे आहे. सर्वांनी समान शुल्क द्यावयाचे आणि काहींनी कित्येक पट वापर करावयाचा, यात कमी वापरणाऱ्यावरच अन्याय होतो, हाही मुद्दा त्यास जोडला जातो.

दुसरा युक्तिवाद असा की, 'अमर्याद' हा शब्द डेटाच्या परिमाणाविषयी आहे, वेगाविषयी नाही. वेग कमी झाल्यावरही ग्राहक महिनाभर जोडलेला राहतो आणि त्याला जादा शुल्क पडत नाही. तिसरा युक्तिवाद असा की, कंपनीने बिलावरील सूचना आणि संदेश यांद्वारे ग्राहकांना या धोरणाची कल्पना दिली होती.

पहिल्या युक्तिवादातील वस्तुस्थिती मान्य केली तरी त्यातून कंपनीने निवडलेल्या उपायाचे समर्थन होत नाही. गर्दी हे कारण असेल तर उपायही गर्दीपुरता असावयास हवा. एटी अँड टीची कपात मात्र ग्राहकाच्या टॉवरवर त्या वेळी गर्दी आहे की नाही, याच्याशी निगडित नव्हती, असा आरोप पुढे सरकारी तक्रारीत करण्यात आला. त्याहून बोलका मुद्दा असा की, मोजक्या डेटाच्या महागड्या योजनेतील ग्राहकाने तेवढाच किंवा अधिक डेटा वापरला तरी त्याचा वेग आवळला जात नसे. जाळ्यावर दोघांचा भार सारखाच होता. फरक होता तो त्यांच्याकडून मिळणाऱ्या उत्पन्नात. २०१५ मध्ये कंपनीने अमर्याद ग्राहकांचा वेग केवळ गर्दीच्या ठिकाणी आणि गर्दीच्या वेळीच कमी करण्याचे धोरण स्वीकारले व त्याच वर्षी सीमा २२ जीबीपर्यंत वाढविली. अधिक रास्त उपाय तांत्रिकदृष्ट्या शक्य होता, हे यावरून दिसून येते.

दुसऱ्या युक्तिवादाबाबत असे म्हणता येईल की, डेटा आणि वेग यांची अशी फारकत कागदावरच शक्य आहे. ठरावीक काळात किती डेटा मिळू शकतो, हे वेगच ठरवितो. वेग दहा टक्क्यांवर आणला म्हणजे महिन्यात मिळू शकणाऱ्या डेटाची कमाल मर्यादाही दहा टक्क्यांवर येते. तिसऱ्या युक्तिवादाचा विचार कायद्याच्या संदर्भात करणे अधिक सोयीचे ठरेल.

अन्याय्य व्यवहाराची कायदेशीर कसोटी

२८ ऑक्टोबर २०१४ रोजी फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या ग्राहकसंरक्षण संस्थेने कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयात एटी अँड टीविरुद्ध दावा दाखल केला. किमान ३५ लाख ग्राहकांचा वेग एकूण अडीच कोटींहून अधिक वेळा कमी करण्यात आला आणि काही प्रकरणांत ही कपात जवळजवळ ९० टक्के होती, असे कमिशनने म्हटले. तक्रारीत दोन आरोप होते. विक्रीच्या वेळी व नूतनीकरणाच्या वेळी या धोरणाची पुरेशी माहिती दिली नाही, ही फसवणूक; आणि अमर्याद म्हणून केलेल्या करारातील सेवा मध्येच बदलली, हा अन्याय्य व्यवहार.

'अन्याय्य' या शब्दाची अमेरिकी कायद्यात निश्चित कसोटी आहे. ग्राहकाला भरीव नुकसान झाले किंवा होण्याचा संभव आहे काय, ते नुकसान ग्राहकाला वाजवी प्रयत्नाने टाळता येण्याजोगे होते काय, आणि ग्राहकांना किंवा स्पर्धेला होणाऱ्या लाभामुळे त्या नुकसानीची भरपाई होते काय, असे तीन प्रश्न विचारले जातात. नुकसान भरीव, टाळता न येणारे आणि लाभाने भरून न निघणारे असेल तरच तो व्यवहार अन्याय्य ठरतो.

नुकसानीचा घटक पाहिला तर वेग इतका कमी झाल्यावर चित्रफीत पाहणे, नकाशाच्या साहाय्याने रस्ता शोधणे किंवा साधे संकेतस्थळ उघडणे हेही कठीण होत असे. ग्राहक पूर्ण शुल्क देत होता आणि ज्या कामांसाठी त्याने स्मार्टफोन घेतला तीच कामे होत नव्हती.

टाळता येण्याचा घटक या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा आहे. ग्राहक दोन वर्षांच्या करारात होता. मुदतीपूर्वी करार मोडल्यास त्याला शेकडो डॉलरपर्यंत शुल्क भरावे लागे. कंपनीने बिलावर सूचना छापली किंवा संदेश पाठविला, तरी ती सूचना करारात अडकल्यानंतरची होती. निवड करण्याची वेळ निघून गेल्यावर दिलेली माहिती ग्राहकाला नुकसान टाळण्यास मदत करीत नाही. येणाऱ्या नुकसानीची केवळ पूर्वकल्पना देते.

लाभाच्या घटकाचा निर्णय पूर्वी सांगितलेल्या गर्दीच्या मुद्द्यावर होतो. रिकाम्या टॉवरवरील वेग कमी केल्याने शेजारच्या कोणत्याही ग्राहकाला काही मिळत नाही. अशा कपातीचा लाभ एवढाच की, जुना ग्राहक कंटाळून मोजक्या डेटाच्या योजनेकडे वळतो. हा लाभ कंपनीचा आहे, ग्राहकांचा नव्हे.

दाद मागण्याचा मार्ग

अन्याय झाला हे पटले तरी ग्राहकाने दाद कोठे मागावयाची, हा स्वतंत्र प्रश्न आहे. एका ग्राहकाचे नुकसान काही डॉलरचे असते. त्यासाठी वकील लावणे परवडत नाही. अशा वेळी सर्वांनी मिळून सामूहिक दावा करणे हा नैसर्गिक उपाय होय. परंतु एप्रिल २०११ मध्ये 'एटी अँड टी मोबिलिटी विरुद्ध कॉन्सेप्सिऑन' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने करारातील लवादाचे कलम सामूहिक दाव्याला अडवू शकते, असा निर्णय दिला. त्यानंतर वेगकपात सुरू झाली तेव्हा ग्राहकापुढे वैयक्तिक लवाद किंवा लघुवाद न्यायालय एवढेच मार्ग उरले होते.

त्यांपैकी दुसरा मार्ग एका आयफोनधारकाने वापरला. फेब्रुवारी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील सिमी व्हॅली येथील लघुवाद न्यायालयाने त्याला ८५० डॉलरची भरपाई मंजूर केली. त्याच्या करारातील उरलेल्या दहा महिन्यांसाठी दरमहा ८५ डॉलर असा तो हिशेब होता. निकाल प्रतीकात्मकदृष्ट्या महत्त्वाचा असला तरी लक्षावधी ग्राहकांनी एकेक खटला चालवावा, ही अपेक्षा व्यवहार्य नव्हती. म्हणूनच सरकारी संस्थेच्या दाव्याला महत्त्व होते.

त्या दाव्याला एटी अँड टीने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर आव्हान दिले. अमेरिकी कायद्यानुसार टेलिफोनसारख्या सार्वजनिक वाहक सेवा फेडरल ट्रेड कमिशनच्या कक्षेबाहेर असतात. त्यांचे नियमन दुसरी संस्था करते. आपली कंपनी टेलिफोन सेवा देते, म्हणून तिचा डेटा व्यवहारही या सवलतीत येतो, असे कंपनीचे म्हणणे होते. मार्च २०१५ मध्ये जिल्हा न्यायालयाने ते फेटाळले. ऑगस्ट २०१६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयातील तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते मान्य केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने पुन्हा कमिशनच्या बाजूने निर्णय दिला. ही सवलत कंपनीच्या ओळखीला नसून तिच्या विशिष्ट व्यवहाराला आहे, असे त्या पीठाने ठरविले. हा मुद्दा वरवर तांत्रिक वाटतो. परंतु उलट निर्णय कायम राहिला असता तर एखादी टेलिफोन शाखा चालविणारी कोणतीही कंपनी आपले इतर सर्व व्यवहार ग्राहकसंरक्षण कायद्याच्या बाहेर नेऊ शकली असती.

अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरच्या रकमेवर तडजोड झाली. डेटाच्या वेगावर किंवा परिमाणावर बंधन असेल तर ते जाहिरातीत ठळकपणे सांगितल्याखेरीज 'अमर्याद' असा दावा करता येणार नाही, अशी अटही कंपनीवर घालण्यात आली. तक्रारीतील ३५ लाख ग्राहकांमध्ये ही रक्कम विभागली तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी सुमारे १७ डॉलर येतात. एका महिन्याच्या डेटाशुल्कापेक्षा ही रक्कम कमी आहे आणि ती निश्चित होण्यास कपात सुरू झाल्यापासून आठ वर्षे लागली. खटल्याने भविष्यासाठी नियम दिला. परंतु ज्यांचे नुकसान झाले त्यांना मिळालेला न्याय अपुरा होता, असेच म्हणावे लागते.

आणीबाणीतील वेगकपात

वेगकपात ही केवळ करमणुकीतील गैरसोय आहे, असा समज असू शकतो. २०१८ मधील एका घटनेने तो दूर केला. जुलै २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात मेंडोसिनो कॉम्प्लेक्स नावाने ओळखला जाणारा वणवा पेटला. तोपर्यंतच्या राज्याच्या नोंदींतील तो सर्वांत मोठा वणवा ठरला. सांता क्लारा परगण्याच्या अग्निशमन दलाचे एक वाहन तेथे मदतकार्याचा समन्वय करीत होते. त्या वाहनाची इंटरनेट जोडणी व्हेरायझनच्या अमर्याद म्हणविल्या जाणाऱ्या योजनेवर होती. डेटाची ठरावीक सीमा ओलांडताच तिचा वेग पूर्वीच्या दोनशेव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी झाला, असे दलाच्या प्रमुखांनी ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयात सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रात नमूद केले. कर्मचाऱ्यांना स्वतःच्या फोनचा आधार घ्यावा लागला आणि वेग पूर्ववत करण्यासाठी अधिक महाग योजना घेण्यास दलाला सांगण्यात आले. आणीबाणीत कपात उठविण्याचे आपले धोरण असून ग्राहकसेवेकडून चूक झाली, असा खुलासा कंपनीने केला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने आणीबाणीच्या काळात बचाव यंत्रणांची जोडणी अशा प्रकारे बाधित करण्यास कायद्याने प्रतिबंध केला.

या घटनेचा बोध अग्निशमन दलापुरता नाही. आकड्यावर चालणारी कपात वापर कशासाठी होत आहे, त्या क्षणी टॉवरवर गर्दी आहे काय, यांपैकी काहीच पाहत नाही. ती फक्त सीमा पाहते.

भारतातील संदर्भ

भारतातील परिस्थिती दोन बाबतींत वेगळी आहे. येथील बहुसंख्य ग्राहक प्रीपेड योजना वापरतात आणि दोन वर्षांचे करार प्रचलित नाहीत. शिवाय जुलै २०१५ पासून देशभर कोठेही क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय झालेली आहे. त्यामुळे बाहेर पडण्याचा मार्ग अमेरिकी ग्राहकापेक्षा मोकळा आहे. तथापि ८४ दिवसांचे किंवा वर्षाचे शुल्क आगाऊ भरलेले असेल तर ते सोडून जावे लागते, आणि सर्व कंपन्यांच्या योजनांची घडण सारखीच असेल तर बदलण्याच्या स्वातंत्र्याचा उपयोग मर्यादित राहतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भारतात दैनिक सीमेची पद्धत रूढ झाली. आरंभीच्या मोफत काळातही जिओची वेगवान डेटाची सीमा दिवसाला ४ जीबी होती आणि जानेवारी २०१७ पासून ती १ जीबी करण्यात आली. पुढे इतर कंपन्यांनीही दैनिक सीमेच्या योजना आणल्या. दैनिक सीमा जाहिरातीत ठळकपणे सांगितली जाते, हे या पद्धतीचे गुणच म्हणावे लागतील. परंतु सीमा संपल्यानंतरच्या सेवेचे काय, हा प्रश्न उरतोच. अनेक योजनांत सीमेनंतरचा वेग ६४ केबीपीएस असतो. या वेगाने ५ एमबीची एक फाइल, उदाहरणार्थ परीक्षेचा अर्ज किंवा सातबाऱ्याची प्रत जोडलेले कागदपत्र, उतरविण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. २ एमबीपीएस वेगाने त्याच कामास २० सेकंद पुरतात. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेला. म्हणजे सीमेनंतर ग्राहकाला मिळणारी सेवा शासनाच्या व्याख्येतील किमान वेगाच्या एकतिसाव्या भागाइतकी असते. अशा सेवेला 'अमर्याद' म्हणणे शब्दशः खरे असले तरी अर्थाने खरे नाही.

नियामकाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले असे मात्र नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१२ मध्ये रास्त वापर धोरणाची माहिती ग्राहकांना स्पष्टपणे देण्याचे निर्देश कंपन्यांना दिले. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्थिर ब्रॉडबँडसाठी सीमेनंतरचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये, असे बजावण्यात आले. तो किमान वेग स्थिर जोडणीपुरता होता. मोबाइल सेवेला तो लागू करण्यात आला नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक घरांत मोबाइल हीच इंटरनेटची एकमेव जोडणी असते. ज्यांच्यापाशी दुसरा पर्याय नाही, नेमक्या त्यांनाच किमान वेगाचे संरक्षण मिळाले नाही, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

जाहिरातीच्या शब्दांबाबत भारतीय कायदा आता पुरेसा स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या केलेली असून महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणे हाही तिचाच एक प्रकार मानला आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तळटीप मुख्य दाव्याचा खुलासा करू शकते, परंतु त्याला छेद देऊ शकत नाही. तसेच ती मुख्य दाव्याच्याच भाषेत असली पाहिजे. मराठी जाहिरातीत ठळक अक्षरांत 'अमर्याद' आणि तळाशी बारीक इंग्रजीत वेगकपातीची अट, ही पद्धत या तत्त्वांशी सुसंगत नाही. जुलै २०२४ च्या दरवाढीच्या वेळी जिओने अमर्याद ५जी सेवा दिवसाला २ जीबी किंवा त्याहून अधिक डेटा देणाऱ्या योजनांपुरती ठेवली. योजनेची अट पुढील खरेदीसाठी बदलणे हा कंपनीचा अधिकार आहे. आधीच पैसे भरलेल्या ग्राहकाच्या अटी मुदतीत बदलणे हा नव्हे. हा भेद एटी अँड टी प्रकरणातूनच स्पष्ट होतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. मोबाइल जाळ्याची क्षमता मर्यादित असल्याने वापराचे नियमन अपरिहार्य आहे आणि तेवढ्यावरून कंपनीला दोष देता येत नाही. परंतु नियमन रास्त ठरण्यासाठी तीन अटी पूर्ण होणे आवश्यक आहे. बंधन विक्रीपूर्वी, मुख्य दाव्याइतक्याच ठळकपणे आणि ग्राहकाच्या भाषेत सांगितलेले असावे. ते प्रत्यक्ष गर्दीशी निगडित असावे आणि गर्दी ओसरताच उठावे. अटी मध्येच बदलल्यास ग्राहकाला उरलेल्या मुदतीचे पैसे परत घेऊन भुर्दंडाशिवाय बाहेर पडता यावे. एटी अँड टीची २०११ मधील कपात या तिन्ही अटींवर उणी पडली. भारतातील दैनिक सीमेच्या योजना पहिली अट बऱ्याच अंशी पूर्ण करतात. दुसरीबाबत त्या उण्या पडतात आणि तिसरी अंशतःच पूर्ण करतात.

यातून दोन उपाय सुचतात. मोबाइल सेवेलाही सीमेनंतरचा किमान वेग ठरवून द्यावा आणि तो शासनाच्या स्वतःच्या ब्रॉडबँड व्याख्येशी सुसंगत असावा. तसेच ज्या योजनेत सीमेनंतर वेग त्याखाली जातो, तिच्या नावात 'अमर्याद' हा शब्द वापरण्यास परवानगी नसावी. मोजकी थाळी विकणाऱ्या खानावळीवर कोणाचा आक्षेप नसतो. तिने आपल्या फलकावर तसे लिहावे, एवढीच अपेक्षा असते.